येशू आणि हजरत ईसांवरचा हा ऑडिओ कोर्स घ्यावा का? माझा सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना फक्त घ्यावा की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, घ्या, पण सलग ऐकू नका, आणि शेवटचा धडा सोडलात तरी चालेल. आता बाकीच्यांसाठी नीट लिहिते, कारण येशूंवर, ज्यांना मुसलमान हजरत ईसा म्हणतात, बोलणारे खूप असतात पण दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारे फार कमी, आणि हा कोर्स ते ऐकून घ्यायला शिकवतो असं मला मनापासून वाटलंय.

फॉरमॅट असा आहे की दोन शिक्षक आहेत, एक मुस्लिम, तफसीर म्हणजे कुराणाचं विवरण शिकवणारे, आणि एक ख्रिस्ती, चर्चचा इतिहास शिकवणाऱ्या. प्रत्येक धड्यात आधी एक जण आपल्या परंपरेत काय मानतात ते सांगतो, मधे कोणी तोडत नाही, मग दुसरा, आणि शेवटी दोघं एकमेकांना प्रश्न विचारतात. डिबेट नाही. कोण जिंकलं कोण हरलं असलं काही नाही. यूट्यूबवर या विषयाचे जे व्हिडिओ असतात, आरडाओरडा, थंबनेलवर लाल बाण, त्यांना कंटाळलेल्यांनी पहिली दहा मिनिटं ऐकून बघा, आवाजाची पट्टीच वेगळी आहे.

सुरुवात मरियमपासून, म्हणजे येशूच्या आईपासून होते (ख्रिस्ती लोक तिला मरिया म्हणतात) आणि माझ्या मते हाच कोर्सचा सगळ्यात भारी भाग. बऱ्याच जणांना माहीत नसतं की कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली बाई एकच, ती म्हणजे मरियम, आणि तिचं नाव ३४ वेळा येतं, तिच्या नावाचा अख्खा सूरह (कुराणाचा अध्याय) आहे, एकोणिसावा. शिक्षक लूकचं शुभवर्तमान (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) आणि सूरह मरियम शेजारीशेजारी ठेवतात आणि पहिली गोष्ट दाखवतात ती ही की दोन्हीकडे गोष्ट मरियमपासून सुरूच होत नाही, म्हाताऱ्या जखऱ्यापासून होते, ज्याला मूलबाळ नाही आणि ज्याला देवाकडून मुलाची बातमी मिळते. लूकमध्ये जखऱ्या विश्वास ठेवत नाही म्हणून त्याची वाचा जाते. कुराणात तोच झकरिया खूण मागतो आणि तीन रात्री न बोलणं हीच त्याला मिळालेली खूण असते, त्यात शिक्षा नाही. मग पुढे मरियमलाही सांगितलं जातं की कोणी भेटलं तर म्हण मी आज न बोलण्याचं व्रत घेतलंय. म्हणजे आधी म्हातारा गप्प, मग आई गप्प, आणि मग पाळण्यातलं बाळ बोलतं. हे असं एका ओळीत बघितलं की त्या सूरहची रचना काय आहे ते कळतं, आणि हे कोर्समध्ये या शब्दांत सांगितलेलं नाही, पण त्यांनी दोन्ही मजकूर असे समोर ठेवले की ते आपोआप दिसलं.

आणि जन्माचा प्रसंग. लूकमध्ये बेथलेहेम आहे, गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, योसेफ सोबत आहे, दावीदाच्या घराण्याचा उल्लेख आहे. कुराणात यातलं काहीच नाही, योसेफ तर नाहीच. मरियम एकटी आहे, लांब कुठेतरी निघून गेलेली, कळा सुरू झाल्यावर खजुराच्या बुंध्याचा आधार घेते आणि म्हणते की याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा खालून आवाज येतो की दुःख करू नकोस, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील. मग बाळाला घेऊन ती आपल्या लोकांत येते, लोक आरोप करतात, ती फक्त बाळाकडे बोट दाखवते आणि बाळ बोलतं, मी अल्लाहचा दास आहे, त्याने मला ग्रंथ दिलाय, मला नबी (प्रेषित) केलंय. मुस्लिम शिक्षक इथे थांबून सांगतात की ईसांच्या तोंडचं पहिलं वाक्य "मी दास आहे" हे आहे आणि इस्लामची ईसांबद्दलची सगळी समजूत या एका वाक्यात आहे, आणि त्याच वाक्याने आईची अब्रूही वाचते. मला हा भाग ऐकताना भरून आलं, खरंच. इथे अरबी तिलावत (पठण) पण ऐकवलीये, आधी आयत (कुराणातलं वचन) मग अर्थ, घाई न करता.

आता इथेच एक गोष्ट येते जिथे बहुतेक लोक गोंधळतात आणि कोर्सने ती छान सोडवलीये. बापाशिवाय जन्म दोन्ही धर्मांना मान्य आहे. मग एवढं मान्य असताना पुढे वाटा वेगळ्या का होतात? कुराणाचं उत्तर तिसऱ्या सूरहमध्ये आहे, ईसांचं उदाहरण आदमसारखं, त्याला मातीपासून बनवलं आणि म्हटलं "हो" (म्हणजे अस्तित्वात ये) आणि तो झाला. आदमला तर आईही नव्हती, तरी त्याला कोणी देवाचा मुलगा म्हणत नाही. यावर ख्रिस्ती शिक्षिका जे म्हणतात ते ऐकण्यासारखंय, त्या म्हणतात की आम्हीसुद्धा येशूला कुमारीपोटी जन्मला म्हणून देवपुत्र मानत नाही, तो जन्माच्या आधीपासून, सगळ्या काळाच्या आधीपासून पुत्र आहे असं मानतो, मरियेच्या पोटी त्याने माणूसपण घेतलं. योहानच्या शुभवर्तमानाची सुरुवात तीच आहे, प्रारंभी शब्द होता आणि मग तो शब्द देहधारी झाला. म्हणजे मुसलमान "अल्लाहला मूल होत नाही" म्हणून जे नाकारतात, लग्न, बायको, शरीरातून जन्म, ते ख्रिस्ती परंपरेलाही मान्य नाहीच, इ. स. ३२५ ला नायसियाच्या परिषदेत (चर्चच्या धर्मगुरूंच्या मोठ्या सभेत) जे ठरलं ते यापेक्षा फार वेगळं होतं. पण त्या लगेच हेही म्हणतात की यामुळे भांडण मिटत नाही, कारण इस्लाम नुसतं शारीरिक पुत्रत्व नाकारत नाही, एकमेव अल्लाहच्या सोबत दुसरं कोणीही, कसंही, ही कल्पनाच नाकारतो. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. गैरसमज दूर केला आणि खरा मतभेद तिथेच ठेवला.

मरियेबद्दल आणखी एक छोटी पण भारी गोष्ट. बुखारी या संग्रहात हदीस (पैगंबरांबद्दलची परंपरेने आलेली नोंद) आहे की प्रत्येक मुलाला जन्मताना सैतान स्पर्श करतो, अपवाद फक्त मरियम आणि तिचा मुलगा. आणि कॅथलिक चर्चने १८५४ मध्ये अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केलं की मरिया आपल्या आईच्या पोटात आल्यापासूनच मूळ पापापासून (आदमपासून सगळ्या माणसांत आलेल्या पापापासून) मुक्त होती. प्रोटेस्टंट हे मानत नाहीत. म्हणजे मरियेच्या बाबतीत कधीकधी मुसलमान आणि कॅथलिक एकमेकांना जास्त जवळचे वाटतात. पण कारणं वेगळी आहेत हे धड्यात नीट सांगितलंय.

चमत्कारांचा धडा मधला, ठीक आहे, थोडा लांबलाय. आंधळ्यांना दृष्टी, कोड झालेल्यांना बरं करणं, मेलेल्यांना उठवणं हे कुराणातही आहे, आणि मातीचे पक्षी करून त्यांत फुंकर मारणंही, जे बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही पण बाहेरच्या जुन्या ख्रिस्ती बाळकथांमध्ये आहे. कुराणात दर वेळी पुढे "अल्लाहच्या परवानगीने" येतं. माझ्या मते या धड्याचा खरा मुद्दा मात्र मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला आहे, पक्षाघात झालेल्या माणसाला येशू आधी बरं करत नाही, आधी म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली, आणि बसलेले यहुदी शास्त्री (धर्मनियमांचे जाणकार) मनात म्हणतात की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? मुसलमान नेमका त्या शास्त्र्यांचा प्रश्न विचारतो. ईसा मेलेल्याला उठवू शकतात, ते मान्य, पण क्षमा करणं हे फक्त अल्लाहचं काम. मला वाटतं दोन समजुतींमधली रेघ जर कुठे बारीक पेन्सिलने काढायची असेल तर ती इथे काढावी, मेलेल्याला उठवणं आणि पापाची क्षमा यांच्या मधे.

आणि मग येतो तो धडा ज्याच्यासाठी मी हा कोर्स सगळ्यांना सुचवतेय, आदमचा धडा. येशूवरच्या कोर्समध्ये आदम कशाला असं वाटेल पण सगळी गुरुकिल्ली तिथे आहे. कुराणात आदम चुकतो, मग त्याचा रब (पालनकर्ता) त्याला शब्द शिकवतो, तो तौबा (पश्चात्ताप) करतो, आणि अल्लाह माफ करतो, विषय तिथे संपतो. पुढच्या पिढ्यांवर त्याचा बोजा येत नाही, कुराण स्पष्ट म्हणतं की कोणी ओझं उचलणारा दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही. माणूस कमकुवत आहे, विसराळू आहे, त्याला आठवण करून देणारे लागतात म्हणून नबी येतात. नूह, इब्राहिम, मूसा, ईसा, मुहम्मद. या मांडणीत ईसा फार मोठे आहेत, मसीह (देवाने निवडलेले अभिषिक्त) आहेत, पण त्यांचं काम आठवण करून देणं आहे. माणसाच्या जागी मरणं हे काम तिथे कोणाकडेच नाही, कारण त्याची गरजच नाही.

ख्रिस्ती मांडणीत, सुरुवातीचा ख्रिस्ती प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रात (बायबलमधलं एक पत्र) जसं आहे तसं, आदमाच्या पडण्याने पाप आणि मृत्यू सगळ्यांच्यात आले, आणि माणूस कितीही आठवण करून दिली तरी स्वतःच्या बळावर यातून बाहेर येऊ शकत नाही. मार्गदर्शन पुरेसं नाही, सुटका हवी, आणि ती सुटका देवाने स्वतः येऊन करायची. म्हणून येशू संदेश घेऊन येणारा नाही तर स्वतःच संदेश आहे. शिक्षिका इथे म्हणतात की येशूची तुलना मुहम्मद पैगंबरांशी करणं चुकीचं, मुसलमानांसाठी कुराण जिथे आहे तिथे ख्रिस्ती माणसासाठी येशू आहे, देवाचं बोलणं एकाकडे ग्रंथ होऊन आलं आणि एकाकडे माणूस होऊन. हे ऐकल्यापासून मी कोणीही "तुमचा येशू विरुद्ध आमचे पैगंबर" असं सुरू केलं की थांबवते आणि हे सांगते.

एक तक्रार इथे नोंदवते. मूळ पापाची जी मांडणी केलीये ती ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतानंतरची, पश्चिमेकडची आहे. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस आदमचा दोष वारशाने येतो असं त्या पद्धतीने शिकवत नाहीत, ती मृत्यू आणि बिघाड वारशाने येतो असं म्हणतात. गंमत नाही ही, मोठा फरक आहे, कारण इस्लाम ज्या ख्रिश्चनांच्या शेजारी वाढला ते सिरिया, इराक, इजिप्तचे ख्रिश्चन पूर्वेचे होते. त्यांची बाजू एका वाक्यात उरकलीये.

आता क्रुसाचा धडा, आणि इथे मी नाराज आहे. चौथ्या सूरहची १५७वी आयत, त्यांनी त्याला मारलं नाही आणि क्रुसावर दिलं नाही, पण त्यांना तसं भासवलं गेलं. दोन धर्मांमधला सगळ्यात टोकदार मतभेद हा, कारण पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, म्हणजे क्रूस आणि पुनरुत्थान काढलं तर ख्रिस्ती धर्मात काही उरतच नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला त्यांनी सगळ्यात छोटा धडा दिलाय! आणि मुस्लिम बाजू सांगताना फक्त एकच अर्थ सांगितला, की ईसांचं रूप दुसऱ्या कोणालातरी दिलं गेलं आणि तो मारला गेला. हा अर्थ सगळ्यात प्रचलित आहे हे खरं, पण तफसीरमध्ये याच्यावर केवढी चर्चा झालीये. तफसीरकार तबरी, जे इ. स. ९२३ मध्ये वारले, ते वेगवेगळ्या रिवायती (परंपरेने आलेली कथनं) मांडतात, कोणी म्हणतं सगळ्या शिष्यांना तेच रूप मिळालं, कोणी म्हणतं एकाने स्वतःहून तयारी दाखवली. आणि नंतर तफसीरकार फख्रुद्दीन राझी, बाराव्या शतकातले, सरळ प्रश्न विचारतात की एका माणसाचं रूप दुसऱ्याला दिलं जातं असं मानलं तर मग डोळ्यांनी बघितलेल्या कशावरच विश्वास कसा ठेवायचा? स्वतःच्या परंपरेत राहून, श्रद्धा न सोडता, एवढा अवघड प्रश्न उघडपणे मांडणारा माणूस, आणि कोर्समध्ये त्याचं नावसुद्धा नाही. तफसीर शिकवणाऱ्या शिक्षकाने हे सोडायला नको होतं.

ख्रिस्ती बाजूही अर्धवटच झाली. गेथशेमाने बागेतला, क्रुसाच्या आधीचा प्रसंग, जिथे येशू प्रार्थना करतो की हा प्याला (म्हणजे पुढचं दुःख) माझ्यापासून दूर कर पण माझ्या नाही तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, हा घ्यायला हवा होता, कारण मुसलमान ऐकणाऱ्याला तिथे एक ओळखीचा माणूस दिसतो, देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणारा. आणि शेवटच्या प्रश्नोत्तरांत शिक्षिका चांगला प्रश्न विचारतात, की कुराणातच नबींना ठार मारल्याचा उल्लेख आहे, मग अल्लाह आपल्या रसूलची (प्रेषिताची) अशी विटंबना होऊ देणार नाही हे कारण ईसांनाच का? त्यावर दोन वाक्यांत उत्तर आणि धडा संपला. मी रिवाइंड करून बघितलं की काही सुटलं का. नाही, एवढंच आहे.

पण पुढचा इतिहासाचा धडा ऐकला आणि परत मूड चांगला झाला. सुरुवात हबशाच्या (आजच्या इथिओपियाकडच्या) राजापासून, मक्केतला छळ टाळायला मुसलमान समुद्रापलीकडे ख्रिस्ती राजा नजाशीकडे गेले, साधारण ६१५ ची गोष्ट, आणि मक्केचे लोक त्यांना परत मागायला आले तेव्हा जाफर इब्न अबी तालिब यांनी दरबारात सूरह मरियमची सुरुवात म्हणून दाखवली आणि सीरतमध्ये (पैगंबरांच्या चरित्रात) आहे की राजा रडला. मग जेरुसलेमचा घुमट (डोम ऑफ द रॉक), इ. स. ६९१-९२, ज्याच्या आतल्या लेखांत ईसांवर सलाम आहे आणि "तीन म्हणू नका" (देव तीन आहेत असं म्हणू नका) हेही आहे, एकाच भिंतीवर आदर आणि इन्कार दोन्ही. आणि तिसरा बगदादचा प्रसंग, साधारण ७८१ मध्ये खलिफा महदी आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख तिमथी यांच्यात दोन दिवस झालेली प्रश्नोत्तरं. खलिफा थेट विचारतो, देवाला मुलगा कसा? तिमथी सूर्य आणि त्याच्या किरणांचं उदाहरण देतात, खलिफाला पटत नाही, तो परत विचारतो. पैगंबरांबद्दल विचारलं तेव्हा तिमथी म्हणतात की ते नबींच्या वाटेने चालले, पुढे जाऊन नबी मानत मात्र नाहीत. आणि शेवटी ते मोत्याचं उदाहरण देतात, रात्री अंधाऱ्या घरात मोती पडलाय, सगळे चाचपडतायत, कोणाच्या हातात मोती, कोणाच्या काच, कोणाच्या खडा, प्रत्येकाला वाटतं मोती आपल्याकडेच आहे, आणि सकाळ झाली की कळेल. हा अख्खा प्रसंग दोघा शिक्षकांनी संवादासारखा वाचून दाखवलाय, आणि सत्ताधाऱ्यापुढे आपली श्रद्धा न लपवता, पण अपमानही न करता बोलणं कसं असतं ते कानाने ऐकायला मिळतं. फक्त यासाठीही कोर्स घेतला तरी पटेल.

परत येण्याचा धडा छोटा आहे आणि तो छोटाच बरा. दोन्हीकडे त्यांची वाट बघितली जाते. सहीह मुस्लिम या संग्रहातल्या हदीसप्रमाणे ईसा दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील, दज्जालला (शेवटच्या काळातल्या खोट्या मसीहाला) संपवतील, क्रूस मोडतील, न्यायाने राज्य करतील, आणि इस्लामी परंपरेत नंतर ते सामान्य माणसासारखे वारतील. ख्रिस्ती परंपरेत येशू परत येतो तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला. एकाकडे साक्षीदार, दुसरीकडे न्यायाधीश. कुराणाच्या पाचव्या सूरहच्या शेवटी तर त्या दिवशी अल्लाहच ईसांना विचारतो की मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का, आणि ते म्हणतात जे म्हणायचा मला हक्क नाही ते मी कसं म्हणेन. इथे शिक्षिकेने विचारलं की आम्ही तर मरियेला त्रैक्यात (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) धरतच नाही, मग हे कोणाला उद्देशून? शिक्षकांनी सांगितलं की ही आयत त्रैक्याची व्याख्या नाही, अल्लाहशिवाय कोणाचीही पूजा या गोष्टीला धरून आहे. पूर्ण पटो न पटो, प्रश्न टाळला नाही.

टेक्निकल बाजू पटापट सांगते. आवाज स्वच्छ. इंग्रजी सोपी आहे, स्पीड कमी करता येतो. लेखी प्रत मिळते पण त्यात आयतींचे आणि वचनांचे क्रमांक बऱ्याच ठिकाणी गायब आहेत, शोधत बसावं लागतं, हे सुधाराच. सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं पण आठवडा लावला. अॅपमध्ये नोट्स लिहायची सोय आहे, ती चांगली चालते.

शेवटचा धडा का सोडा म्हणतेय ते सांगते. तिथे अचानक दोघांऐवजी एक निवेदक येतो आणि गोड आवाजात सांगतो की शेवटी सगळं एकच आहे, नावं वेगळी, प्रेम एक. इतके तास दोन माणसांनी जीव तोडून समजावलं की एकासाठी क्रूस हेच तारण आहे आणि दुसऱ्यासाठी ते घडलंच नाही, एकासाठी येशूची उपासना न करणं अशक्य आणि दुसऱ्यासाठी ती करणं हा शिर्क (अल्लाहसोबत दुसऱ्या कोणाला मानण्याचं पाप), आणि मग त्यावर असा पोचारा फिरवायचा? ज्या मुसलमानाचं ईसांवर प्रेम आहे त्याचं प्रेम दास म्हणून, नबी म्हणून आहे, ज्या ख्रिश्चनाचं आहे त्याचं प्रभू म्हणून, आणि दोघांनाही "तुमचं म्हणणं तसं महत्त्वाचं नाही" असं सांगणं हा मला अनादर वाटतो. मतभेद खरा आहे असं मानणं हाच मला दोघांचा मान ठेवणं वाटतं, आणि बाकी सगळ्या कोर्सने तो ठेवलाय.

कोणासाठी आहे? ज्यांच्या घरात, मित्रांत, लग्नात हे दोन धर्म एकत्र आलेत त्यांनी नक्की घ्या. शिक्षकांनी घ्या. ज्यांना वादात वापरायला मुद्दे हवेत त्यांना काही मिळणार नाही. सुरुवात मरियमच्या धड्याने करा, मग थेट आदमचा, मग इतिहास, आणि मग मागे जाऊन चमत्कारांचा. सूरह मरियम आणि लूकचे पहिले दोन अध्याय आधी स्वतः वाचून घेतलेत तर दुप्पट फायदा होईल, दोन्ही मिळून तासाभरात होतात.

चार स्टार देतेय. कोर्स बनवणारे हे वाचत असतील तर एवढीच विनंती, क्रुसाचा धडा परत रेकॉर्ड करा, तबरी आणि राझी घ्या, पूर्वेच्या चर्चमधला कोणीतरी बोलवा, आणि त्या शेवटच्या प्रश्नाला दोघांनाही हवा तेवढा वेळ द्या.